पूनमताईंच्या नावाची पंगत

रविवारी सकाळी डोणगावात सप्त्याचा भोंगा खाकरला आणि त्यातून रंगरावांचा आवाज आला.

"ऐका हो! गुरुवारची पंगत जर्मनीस्थित पूनमताई उकंडराव वायाळ यांच्यातर्फे! रुपये एक्कावन्न हजार! वाजवा टाळ्या!"

उकंडराव तेव्हा ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होते. लेकीचं नाव अख्ख्या गावानं ऐकलं, म्हणून बापाची छाती फुगायला हवी. फुगलीही थोडी. पण लगेच त्यांना थकल्यासारखं वाटलं आणि अर्धी दाढी तशीच ठेवून ते भिंतीला टेकून बसले. असं भोंग्यावर नाव जाण्याची ही तिसरी वेळ होती. पहिल्यांदा पुतणीच्या लग्नात, फ्रिजच्या अहेराला. दुसऱ्यांदा मंदिराच्या मंडपातल्या पंख्यांना. प्रत्येक वेळी पैसे पूनमनं पाठवले होते.

उकंडरावांचं स्टँडजवळ दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याची तार नव्यानं भरायची आणि चालू करून द्यायच्या, हा धंदा. पंचवीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि पोरीला इंजिनिअर केलं. पोरगी हुशार निघाली. मागच्या सप्टेंबरात ती पुढच्या शिक्षणाला जर्मनीला गेली.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिच्यातच आहे. जाण्याआधी पूनमच्या नावानं साडेअकरा लाख रुपये तिकडच्या एका खात्यात भरावे लागले. तो तिकडचा नियमच आहे. परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्यानं वर्षभर जगण्याचा खर्च आधीच जमा करून ठेवायचा. तो पैसा एकदम काढता येत नाही. दर महिन्याला ठरलेला बारावा हिस्सा तेवढा सुटतो, आपल्याकडचे पंचाण्णव हजारांच्या आसपास. हे पैसे उभे करायला उकंडरावांनी दुकानावर बँकेचं कर्ज काढलं आणि बायकोची, झुंबरबाईंची, पोत मोडली. म्हणजे महिन्याला पोरीच्या खात्यात पडणारे पैसे होते ते आई-बापाचेच. फक्त थेंबाथेंबानं परत येणारे.

आणि तरीही! ऑक्टोबरात एकदा चहाच्या टपरीवर कुणी तरी विचारलं, "काय म्हणते पोरगी?"

उकंडराव म्हणाले, "बरी हाय. पहिल्या तारखेले खात्यात पंचाण्णव हजार पडले."

"पंचाण्णव हजार! अरे बाप्पा! म्हणजे पगार चालू झाला म्हणा की!"

त्या वेळी 'ते आमचेच पैसे आहेत' एवढे चार शब्द उकंडरावांनी बोलायला हवे होते. ते चहा फुंकत राहिले. टपरीवरची दहा माणसं आपल्याकडे आदरानं बघताहेत, हे पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. चार शब्द चहाबरोबर पोटात गेले. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की उकंडरावच्या पोरीला लाखाचा पगार आहे. हजाराचे लाख व्हायला आपल्याकडे किती वेळ लागतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मग मागणी सुरू झाली. नाही म्हणणार कुठल्या तोंडानं? बाप पोरीला फोनवर म्हणायचा, "बाई, जमन का थोडंसं?" पोरगी म्हणायची, "जमते बाबा, पाठवते." कसं जमतं, हे बापानं विचारलं नाही, पोरीनंही सांगितलं नाही.

त्या रविवारी दुपारी साडेबाराला नेहमीप्रमाणे पूनमचा व्हिडिओ फोन आला. तिकडे सकाळचे नऊ वाजले होते. झुंबरबाई गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. या बाई गेली चौदा वर्षं गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. आठवडाभर चुलीपुढे उभं राहून रविवारी त्यांचे पाय सुजतात.

"आई, बरी आहेस ना?"

"मी बरी हाय. तू काऊन अशी दिसून राह्यली? गाल कुठी गेले तुहे?"

"काही नाही वं आई. थंडी आहे अजून इथी. परीक्षा आहे."

उकंडराव मध्येच घुसले. "बाई, सकाळीच भोंग्यावर नाव गेलं तुहं. गुरुवारची पंगत. रंगराव लय खूश होते."

पूनमनं हातातला ब्रेडचा तुकडा खाली ठेवला. मग पूनम म्हणाली, "हो बाबा. उद्या पहिली तारीख आहे. पैसे आले की लगेच पाठवते."

झुंबरबाईंनी तेलाची वाटी बाजूला सारली. फोन नवऱ्याच्या हातून घेतला.

"पूनम, तुहा स्वयपाकाचा ओटा दाखव मले."

"काय दाखवू आई, साधाच आहे."

"दाखव म्हणतो ना मी!"

पोरीनं फोन फिरवला. चौघींचा मिळून एक ओटा, एक फ्रिज. फ्रिजमधला एक कप्पा पूनमचा. त्यात दुधाचा अर्धा पुडा, दोन गाजरं आणि झाकण लावलेला भाताचा डबा. खाली एका पिशवीत तांदूळ होता, तळाला गेलेला.

"हा तांदूळ कधी आणला होता?"

"मागच्या... बुधवारी नाही, त्याच्या आधीच्या."

"किलोची पिशवी?"

"हो."

झुंबरबाईंनी बोटं मोजली. "अकरा दिवस झाले. अकरा दिवसांत एक किलो नाही सरला. आन् पोळ्या?"

"पोळ्या नाही करत आई. वेळ नाही भेटत. सकाळी ब्रेड खाते ना."

"किती?"

"दोन."

"दोन पुडे?"

"दोन तुकडे, आई."

झुंबरबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. उकंडरावांना तो आवाज ठाऊक होता. शाळेत तांदूळ कमी भरला की त्या हेडमास्तरांशी याच आवाजात बोलायच्या.

"पहिलीतल्या लेकराले आम्ही एका वक्ताले शंभर ग्राम तांदूळ टाकतो. सहावीतल्याले दीडशे. वजन करून टाकतो, कमी पडला तर म्या रोज भांडतो. आन् माही पोरगी, चोवीस वर्साची, अख्ख्या दिवसाले नव्वद ग्रामाचा भात खाऊन राह्यली!"

पडद्यावर पूनमनं तोंड फिरवलं. मग ती रडली. हुंदके नाहीत, काही नाही, नुसतं दमलेलं माणूस रडतं तशी. तिला दिवसातून तीनदा चक्कर येत होती, वाचनालयात ती एकदा खुर्चीवरून घसरली होती, हे सगळं मग हळूहळू बाहेर आलं.

"अवं माय! सांगतलं काऊन नाही?"

"कसं सांगू? एकदा हो म्हणलं की नाव भोंग्यावर जाते, आई. नाही म्हणावं वाटते तेव्हा टाळ्या वाजून गेलेल्या असतात."

उकंडराव खाली बघत होते. अर्ध्या गालावरचा साबण केव्हाच वाळला होता.

"आता रडू नको," झुंबरबाई म्हणाल्या. "कागद घे. अवो, तुमी बी घ्या. आज पहिल्यानं हिशोब करू. सहा महिन्यांपूर्वी करायचा तो आज करू."

उकंडरावांनी दुकानाचं बिलबुक आणलं आणि पाठकोऱ्या पानावर लिहायला घेतलं. पूनम सांगत गेली. महिन्याला येतात नऊशे ब्याण्णव युरो. खोलीचं भाडं साडेचारशे. तब्येतीचा विमा दीडशे, तो भरला नाही तर कॉलेजात नाव राहत नाही. गाडीचा पास, फोन आणि सहामाहीची फी मिळून महिन्याला शंभर.

"उरले किती?"

"दोनशे नव्वद. त्याच्यात खाणं, साबण, औषध, पुस्तकं, थंडीचे बूट. नीट रांधून खाल्लं तर पुरते बाबा. काटकसर करून पुरते. इथल्या पोरी तेवढ्यातच भागवतात."

"आन् एक्कावन्न हजार म्हणजे तिकडचे किती?"

पूनम फ्रिजचं दार लावायला वळली.

"किती, बाई?"

"सव्वापाचशेच्या वर."

उकंडरावांनी दोनशे नव्वदच्या खाली पाचशे पंचवीस लिहिलं आणि वजाबाकी करायला गेले. ती होईना. वजाबाकी होतच नव्हती! पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांची बिलं लिहिणारा माणूस, दर पहिल्या तारखेला येणारे पैसे रुपयांत मोजत बसला होता आणि जाणारे पैसे त्यानं मोजलेच नव्हते.

"मग तू पाठवणार कशी होती?"

"उद्यापासूनच्या महिन्याचं भाडं त्याच्या पुढच्या महिन्यात देते म्हणून घरमालकाले सांगतलं आहे. तो नाराज आहे. दुसऱ्यांदा होऊन राह्यलं ना. पुन्हा थकलं तर खोली सोडा म्हणाला."

उकंडरावांनी पेन खाली ठेवलं. "पाठवू नको," ते म्हणाले. "एक रुपाया पाठवू नको. उद्याच भाडं देतो म्हणून सांग त्याले. आन् तांदूळ आण. डाळ आण."

फोन ठेवल्यावर झुंबरबाईंनी तेलाची वाटी उचलून फळीवर ठेवली. मग उकंडराव म्हणाले, "पाठवू नको म्हणलं खरं. पण भोंग्यावर नाव गेलं. आता मागं कसं घ्यावं?"

"जसं दिलं तसं."

दुपारी उकंडराव रंगरावांकडे गेले. रंगराव सप्त्याच्या कमिटीचे अध्यक्ष, माणूस वाईट नव्हे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उकंडरावांचा खांदा थोपटला.

"अडचण येते बावा माणसाले. पण बॅनर छापला ना. पूनमताईचा फोटो टाकला त्याच्यावर. आता कोणाले काही सांगू नका, उगीच शोभा होईल. कोणाकडून उसने घ्या, पंगत उरकून टाका, अन् पोरगी पाठवन तेव्हा देऊन टाका. एवढा पगार हाय, दोन महिन्यांत फिटन."

'एवढा पगार हाय.' उकंडरावांना वाटलं, इथेच सांगून टाकावं. पण 'पाहतो' म्हणून ते उठले. उन्हातून चालताना त्यांना आपलं वय पहिल्यांदाच जाणवलं. खरं तर रंगरावांचा सल्ला त्यांना सोपा वाटला होता. एक्कावन्न हजार उसने मिळाले असते. इज्जत राहिली असती. सोमवारी सकाळपर्यंत ते त्यांनी मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

पण सोमवारी दुकानावर गावातलेच हिंमतराव आले. जळालेली मोटार त्यांनी फाटकाशी उतरवली आणि स्टूल ओढून बसले.

"उकंडराव, एक विचारायचं होतं. तुमचं पाहून म्या बी ठरवलं. माह्या दीपकले धाडतो जर्मनीले."

"चांगलं हाय."

"मेहकरच्या रस्त्यावरचा प्लाट इकून टाकतो. गिऱ्हाईक आलं हाय, बुधवारी इसार घेतो. बारा लाख येतात. म्हणजे पाहा, बारा भरले, अन् महिन्याले पंचाण्णव हजार पगार. तेरा महिन्यांत वसूल! मग पुढचं सारं नफ्यातच. बरोबर ना?"

उकंडरावांच्या हातात तांब्याच्या तारेचं रीळ होतं. ते तसंच राहिलं. हा माणूस आपल्या तोंडचा हिशोब आपल्यालाच वाचून दाखवत होता. टपरीवर न बोललेले चार शब्द कुठवर गेले होते! हिंमतरावांचा प्लॉट विकला गेला असता, दीपक तिकडे गेला असता, आणि पहिल्याच महिन्यात त्याचा बाप त्याला फोनवर म्हणाला असता, "जमन का थोडंसं?"

"हिंमतराव," उकंडराव म्हणाले, "इसार घेऊ नका. उद्या संध्याकाळी हरिपाठाले या. मले काही सांगायचं हाय. इथी सांगतलं तर तुमाले एकट्यालेच कळन."

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. झुंबरबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "लोक हसतील."

"हसू दे."

"एक दिवस हसतील, दोन दिवस हसतील. पोरगी तिकडे रोज उपाशी राहते त्याच्यापेक्षा बरं. आन् आयका, तुमच्याकडे मोटार घेऊन माणूस आला म्हणजे तुमी त्याले पहिलं काय विचारता?"

"विहिरीत पाणी होतं का, ते."

"मंग पोरीले काऊन नाही विचारलं?"

उकंडरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो ताटातच परत ठेवला.

मंगळवारी हरिपाठ संपला. मंडपात दोनशेएक माणूस होतं. वर पूनमच्या पैशाचे पंखे फिरत होते. समोर बॅनरवर पूनम हसत होती, जाण्याआधीच्या फोटोत, भरल्या गालांनी. उकंडरावांनी रंगरावांच्या हातून माईक मागून घेतला. रंगरावांना वाटलं, आभार मानायचे असतील.

"मंडळी, गुरुवारची पंगत माह्या पोरीच्या नावानं हाय, ती रद्द करतो."

मंडपात कुजबुज झाली. रंगराव उठून उभे राहिले.

"कारण सांगतो. माह्या पोरीले पगार नाही. कधीच नव्हता. तिच्या खात्यात पडते ते पैसे माहेच हायत. दुकान गहाण टाकून, बायकोची पोत मोडून भरलेले. तिले वरसभर खायले-प्यायले. तुमी पगार म्हणले आन् मी गप्प राह्यलो. मले गोड वाटलं. चूक तुमची नाही, माही हाय!"

कुणी तरी मागून "मग आधी सांगायचं ना!" असं ओरडलं, आणि दोन-चार जण हसलेही.

"हो, आधी सांगायचं होतं. तुमी मोटार भरायले आणता तेव्हा मी तुमाले काय सांगतो? विहीर कोरडी असंन तर बटन दाबू नका, मोटार जळते. आन् म्या घरचीच मोटार सहा महिने कोरडी चालवली. हे वरचे पंखे फिरून राह्यले ना, ते तिच्या भाड्याचे हायत. पुतणीचा फ्रिज तिच्या थंडीच्या बुटांचा हाय. आन् गुरुवारची पंगत तिच्या ताटातली होती. आपण पाचशे माणूस जेवलो असतो, अन् जिच्या नावानं जेवलो ती तठी दिवसाले मूठभर भात खाते. जेवलं गेलं असतं का तुमाले?"

आता कुणी हसलं नाही. बायकांच्या बाजूला कुणी तरी पदर डोळ्यांना लावला. हिंमतराव मधोमध बसले होते. ते हळूच उठले, खिशातून फोन काढला आणि बाहेर जाऊन प्लॉटच्या गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगून आले.

रंगराव मात्र अडचणीत होते. "ते सारं खरं हाय उकंडराव, पण गुरुवारी लोकाले वाढायचं काय?"

त्यावर बायकांमधून झुंबरबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठल्या.

"रंगरावभाऊ, माह्या सासूच्या काळात पंगत कोणाच्या नावानं नव्हती. घराघरातून पाच पाच भाकरी यायच्या, पिठलं मंडपात शिजायचं. बॅनर नव्हता, पण उपाशी कोणी राहत नव्हतं. पिठलं म्या शिजवतो. चौदा वर्सं मापानं शिजवलं हाय, कमी पडणार नाही."

रंगरावांनी इकडे-तिकडे पाहिलं. मग बॅनरजवळ गेले, एका बाजूची दोरी सोडली आणि दुसरी सोडायला उकंडरावांनी हात लावला. दोघांनी बॅनर गुंडाळला. "माह्या बी लक्षात यायले पाहिजे होतं," रंगराव पुटपुटले. "म्या बी मागतच राह्यलो."

गुरुवारी घराघरातून भाकरी आल्या. काही जाड, काही करपलेल्या, काही ज्वारीच्या, काही उडीद मिसळलेल्या कळण्याच्या. पंगत झाली. बुंदी नव्हती, म्हणून पोरं थोडी हिरमुसली. काही लोकांनी उकंडरावांशी बोलणं टाळलं, आणि टपरीवर पुढचे आठ दिवस त्यांना चहा कुणी विचारला नाही. ते मी लपवत नाही. खरं बोललं की लगेच हार-तुरे मिळतात असं काही नसतं.

पण त्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानाची हिंमतरावांनी नक्कल करून नेली. भाडं, विमा, पास, फी आणि उरले किती. दीपकला ते सध्या कुठेच पाठवत नाहीत. आधी त्यानं भाषा शिकायची, तिकडचा खर्च स्वतः लिहून काढायचा आणि मग बोलायचं, असं ठरलं आहे.

पुढच्या रविवारी साडेबाराला फोन आला. पूनमच्या चेहऱ्यावर अजून थकवा होताच. एवढ्या लवकर तो कसा जाईल? झुंबरबाईंनी 'कशी आहेस' विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तांदूळ किती राह्यला?"

पूनमनं रिकामी पिशवी पडद्यासमोर धरली. "सरला, आई. सोमवारी आणला होता. सहा दिवसांत सरला. आज दुसरा आणते."

झुंबरबाईंनी बोटं मोजली. उकंडराव त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"दीडशेच्या वर गेली," त्या म्हणाल्या. "सहावीत गेली तुमची पोरगी." आणि तेल लावलेल्या हातानंच त्यांनी डोळे पुसले.

तर वाचकहो, तुमच्या घरातलं, गल्लीतलं कुणी परदेशी शिकायला गेलं असेल, तर त्याला किती मिळतात हे विचारू नका. त्यानं पाठवलेल्या पैशांवर टाळ्या वाजवायच्या आधी त्याच्याबरोबर बसून एकदा त्याच्या खर्चाचा कागद लिहा. मिळालेला पैसा जिथे मिळतो तिथल्याच भाजीपाल्यात आणि भाड्यात मोजायचा असतो. आपल्या प्रतिष्ठेचा खर्च शिकणाऱ्या पोरांच्या ताटातून काढणं हा अन्याय आहे, मग तो मायेनं केलेला का असेना. आणि एवढं सगळं बोलायला जमत नसेल, तर फोनवर एकच विचारा. किलोभर तांदूळ किती दिवस पुरतो रे तुला?